शंभरातली अठरा : सोलापूर, सार्वजनिक शाळा आणि मधेच गळणारी मुले

१/
जून उजाडला की सोलापूरच्या नवी पेठेत गणवेश, दप्तरे, वह्या आणि पावसाळी चपला यांची खरेदी सुरू होते. दुकानांपुढे आईवडिलांची आणि मुलांची दाटी होते. त्याच दाटीतून चहाची किटली सावरत एखादा पोरगा वाट काढत असतो. वयाने तो खरेदीला आलेल्या मुलाएवढाच. दोघांचीही नावे कधीकाळी कुठल्या ना कुठल्या शाळेच्या हजेरीपटावर चढलेली असतात. फरक त्यानंतर पडतो.

२/
सार्वजनिक शिक्षणाचा इतिहास आपल्याकडे बहुधा दारांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. पहिली शाळा कोणी उघडली, मुलींची कोणी, अस्पृश्यांची कोणी. तो सांगायलाच हवा. पण दार उघडल्यावर आत गेलेले मूल चौथीपर्यंत टिकले का, आणि टिकले नसेल तर कशामुळे, हा प्रश्न तितक्या आस्थेने विचारला जात नाही. या थ्रेडमध्ये तो एका शहरापुरता विचारायचा आहे. गिरण्यांचे, हातमागांचे, विड्यांचे आणि चार भाषांचे सोलापूर त्यासाठी फार योग्य शहर आहे.

३/
आधी थोडी पार्श्वभूमी. जून १८५६. सोलापूरप्रमाणेच मुंबई इलाख्यात असलेल्या धारवाडच्या सरकारी शाळेत प्रवेश मिळावा म्हणून एका महार मुलाच्या वतीने सरकारकडे अर्ज आला. फी भरण्याची त्याची तयारी होती. प्रवेश नाकारला गेला. सरकारचा युक्तिवाद असा की, एकासाठी दार उघडले तर बाकीचे निघून जातील आणि शाळाच निरुपयोगी होईल. १८५८ मध्ये लंडनहून कंपनीच्या संचालकांनी कळवले की सरकारी शाळा सर्व वर्गांना खुल्या आहेत. कागदावर प्रश्न मिटला. व्हरांड्यात, वेगळ्या गोणपाटावर बसणाऱ्या मुलांच्या पिढ्या त्यानंतरच्या आहेत, हे ध्यानात ठेवावे.

४/
१९ ऑक्टोबर १८८२ रोजी जोतीराव फुले यांनी हंटर आयोगापुढे निवेदन सादर केले. त्याची आठवण आज सक्तीच्या शिक्षणाच्या मागणीसाठी काढली जाते आणि ती मागणी त्यात आहेच: निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे. पण निवेदनाचा कणा हिशेबाचा आहे. शेतकऱ्याकडून महसुलावर रुपयामागे एक आणा लोकल फंडाची पट्टी घेतली जाई आणि तिचा तिसरा हिस्सा शिक्षणासाठी असे. सरकारी तिजोरी भरते रयतेच्या घामाने, आणि तिच्यातला शिक्षणाचा पैसा झिरपतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणाकडे, हा फुल्यांचा आक्षेप होता.

५/
त्याच निवेदनात शिक्षकांच्या पगाराचाही विचार आहे. प्रशिक्षित शिक्षकाला बारा रुपयांहून कमी पगार नसावा, मोठ्या गावी पंधरा ते वीस असावा, असे फुले सुचवतात. अभ्यासक्रमात मोडी व बालबोध वाचन-लेखन, हिशेब, शेतीची आणि आरोग्याची प्राथमिक माहिती असावी, असेही म्हणतात. म्हणजे मुलाला शाळेत आणण्याबरोबरच तिथे त्याच्या वाट्याला काय आणि कोण येणार, याचीही त्यांना काळजी होती. मूल शाळेत का टिकत नाही, याचे अर्धे उत्तर त्या काळजीतच आहे.

६/
आता सोलापूर. १८५२ मध्ये इथे नगरपालिका आली, १८६० मध्ये रेल्वे आली, आणि १८७७ मध्ये सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी सुरू झाली. हीच ती ‘जुनी मिल’. तो दुष्काळाचा काळ होता. गावोगावहून माणसे शहराकडे येत होती. पुढे लक्ष्मी, नरसिंग गिरजी, विष्णू अशा गिरण्या उभ्या राहिल्या. शहराचा दिवस भोंग्यावर चालू लागला, आणि भोंगा काही केवळ बापासाठी वाजत नसे.

७/
गिरणीच्या कताई खात्यात, ज्याला गिरण्यांच्या बोलीत ‘त्रासन’ म्हणत, भरलेल्या बॉबिन काढून रिकाम्या चढवण्याचे काम असे. बोटे लहान आणि चपळ हवीत, मजुरी थोडी द्यावी लागावी. मुलांना हे काम मिळण्यामागचे सगळे अर्थशास्त्र एवढेच. १८८१ च्या पहिल्या फॅक्टरी कायद्याने सात वर्षांखालच्या मुलांना कामावर घेण्यास बंदी केली आणि सात ते बारा वयाच्या मुलांचे काम नऊ तासांवर आणले. नऊ तास ही त्या वेळी सुधारणा होती. १८९१ मध्ये किमान वय नऊ झाले आणि चौदापर्यंतच्या मुलांसाठी सात तास ठरले. १९२२ मध्ये किमान वय बारा, कामाचे तास सहा.

८/
या मुलांना ‘हाफ-टायमर’ म्हणत. शब्द इंग्लंडमधून आला, पण वाटेत त्यातला महत्त्वाचा अर्धा भाग गळाला. इंग्लंडच्या १८४४ च्या कायद्यानुसार अर्धवेळ कामगार मूल म्हणजे अर्धा दिवस गिरणीत आणि उरलेला शाळेत जाणारे मूल. शाळेत हजेरी असल्याशिवाय त्याला कामावर ठेवता येत नसे. ती व्यवस्थाही क्रूरच होती; थकलेली मुले बाकांवर पेंगत, आणि इंग्लंडने १९१८ च्या कायद्याने ती मोडीत काढली. पण शाळेचे कलम निदान कायद्यात होते.

९/
भारतातल्या फॅक्टरी कायद्यांत ते कधीच आले नाही. इथल्या हाफ-टायमरचा उरलेला अर्धा दिवस कायद्याच्या दृष्टीने रिकामा होता. काही ठिकाणी गिरण्यांनी शाळा काढल्या, पण ती मालकाची मर्जी होती. मुलाचा हक्क नव्हे. आणि तो रिकामा अर्धा दिवस खरोखर रिकामा तरी होता का? एका दाखल्यावर एका गिरणीत आणि दुसऱ्या दाखल्यावर दुसऱ्या गिरणीत मूल पाठवण्याचे प्रकार देशातल्या गिरणी-शहरांत इतके रुळले की पुढे कायद्याला आईबापांवर दंडाची तरतूद करावी लागली. दंड कोणावर ठेवला, हेही पाहण्यासारखे आहे.

१०/
वयाचा दाखला सरकारी डॉक्टर देई. जन्माची नोंद बहुतेकांची नसेच. मग उंची आणि दात पाहून वय ठरे. मुलाच्या आयुष्यातली पहिली सरकारी परीक्षा ही. तीत ‘पास’ होणे म्हणजे शाळेपासून सुटणे.

११/
गिरणीच्या भिंतीबाहेर कायदा पोहोचतच नव्हता. १८८१ चा कायदा शंभर किंवा अधिक कामगारांच्या, यंत्रशक्तीवर चालणाऱ्या कारखान्यांपुरता होता. सोलापूरचा हातमाग मात्र घरात होता. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली कुटुंबांच्या घरी खड्ड्यातल्या मागावर बाप विणी, आई सूत उकली, आणि कांड्या भरण्याचे काम मुलांकडे असे. इथे मालक नाही, हजेरीपट नाही, भोंगा नाही, सगळे आपलेच. घर हाच कारखाना असला की कोणत्या निरीक्षकाने कोणाला पकडायचे? हा प्रश्न पुढे शंभर वर्षांनीही जसाच्या तसा येणार आहे.

१२/
सक्तीच्या शिक्षणाचे राजकारण या काळात वेग घेत होते. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी अमरेलीत प्रयोग करून १९०६ मध्ये संपूर्ण संस्थानात सक्ती लागू केली. १९११ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले यांनी केंद्रीय कायदेमंडळात विधेयक आणले. मार्च १९१२ मध्ये ते १३ विरुद्ध ३८ मतांनी पडले. १९१७ मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापुरात सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण जाहीर केले. १९१८ मध्ये विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नाने मुंबई इलाख्याचा कायदा झाला. इच्छुक नगरपालिकांना सक्ती लागू करण्याची मुभा मिळाली. मुभा, बंधन नव्हे. पुण्यात १९२० मध्ये सक्ती मुलींनाही लावायची की पैशाअभावी आधी फक्त मुलांना, यावरून सभा उधळल्या गेल्या. तिजोरी अपुरी पडली की आधी कोणाचे नाव वगळायचे, हे ठरवायला समाजाला फार वेळ लागत नाही.

१३/
१९२३ हे वर्ष दोन कारणांसाठी लक्षात ठेवावे. त्या वर्षीच्या प्राथमिक शिक्षण कायद्याने शाळांचा कारभार स्थानिक संस्थांकडे सोपवला. आणि ४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात संमत झाला: सार्वजनिक पैशातून बांधलेली वा चालवलेली पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने ही ठिकाणे अस्पृश्यांना खुली असावीत. चवदार तळ्याच्या संदर्भात हा ठराव सर्वांना ठाऊक असतो. त्यात शाळाही होत्या, हे सहसा विसरले जाते.

१४/
ठराव झाला, पण ग्रामीण सोलापूर जिल्ह्यातल्या एखाद्या दलित मुलाने गावात चौथी पूर्ण केली, तर पुढे काय? हायस्कूल शहरात. शहरात राहायचे कुठे? खोली मिळणार नाही, खानावळीत पंगत मिळणार नाही. शाळेचे दार कायद्याने उघडले तरी शाळेबाहेरचे सगळे शहर बंद. हा अडसर शाळाखात्याच्या कुठल्याही रकान्यात बसत नव्हता.

१५/
२० जुलै १९२४ रोजी मुंबईत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. अर्जविनंत्या आणि परिषदा यांपलीकडे जाऊन सभेने जे पहिले ठोस काम उभे केले, ते ४ जानेवारी १९२५ रोजी सोलापुरात उघडलेले वसतिगृह. हायस्कुलात शिकणाऱ्या अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी. राहणे, जेवण, कपडे, वह्या-पुस्तके, सगळा खर्च सभेचा. व्यवस्था जिवाप्पा ऐदाळे पाहत. सोलापूर नगरपालिकेने या वसतिगृहाला ४० रुपयांचे अनुदान मंजूर केले. सभेच्या प्रयत्नांतून विद्यार्थ्यांचे ‘सरस्वती विलास’ हे मासिकही निघाले.

१६/
या कामाची दिशा नीट पाहावी. आंबेडकरांनी सोलापुरात वेगळी शाळा काढली नाही. शाळा होती, ती सरकारची, जनतेच्या पैशाची होती आणि त्या मुलांचा तिच्यावर हक्क होता. कमी होते ते शाळा सुटल्यानंतरचे घर: दिवा, भाकरी, अंगावर धड सदरा, अभ्यासाला कोपरा. पुढे १९२८ मध्ये नेमलेल्या स्टार्ट समितीत आंबेडकर सदस्य होते. तिचा १९३० चा अहवालही त्याच वाटेने जातो: वेगळ्या शाळांपेक्षा सर्वसाधारण शाळांत प्रवेश, त्याच्या जोडीला शिष्यवृत्त्या आणि वसतिगृहे. आज ‘कल्याणकारी योजना’ म्हणून जे शिक्षणाच्या काठावर ढकलले जाते, ते या मांडणीत शिक्षणाचाच गाभा होते.

१७/
एक योगायोग. ज्या १९२५ साली हे वसतिगृह उघडले, त्याच साली मुंबई सरकारच्या लेबर ऑफिसने सोलापूरच्या गिरणी कामगारांच्या घरखर्चाची पाहणी केली. अहवाल १९२८ मध्ये छापून आला. एका बाजूला सरकार कामगाराच्या घरातले धान्य, कापड आणि भाडे मोजत होते. दुसऱ्या बाजूला काही माणसे त्याच शहरात मुलाच्या शिक्षणासाठी नेमके धान्य, कापड आणि भाडे पुरवत होती. दोन्हींचा संबंध प्रशासनाने जोडला असता, तर सक्तीच्या शिक्षणाच्या चर्चेला वेगळे वळण मिळाले असते.

१८/
संबंध जोडला गेला तो कायदेमंडळात. १२ मार्च १९२७. नुकतेच नियुक्त झालेले आंबेडकर शिक्षणाच्या अनुदानावर बोलायला उभे राहिले. त्यांनी सांगितले: प्राथमिक शाळेत दाखल होणाऱ्या शंभर मुलांपैकी चौथ्या इयत्तेपर्यंत पोहोचतात अवघी अठरा. उरलेली ब्याऐंशी पुन्हा निरक्षरतेत परततात. म्हणजे शाळांवर जो खर्च होतो, त्यातला मोठा भाग वाया जातो, कारण चौथीच्या आत सुटलेल्या मुलाचे अक्षर टिकत नाही.

१९/
पुढे त्यांनी हिशेब मांडला. इलाख्यात शिक्षणावर दरडोई खर्च चौदा आणे, आणि दारूवरील अबकारी उत्पन्न दरडोई दोन रुपयांहून अधिक. लोक सरकारला दारूतून जेवढे देतात, निदान तेवढे तरी त्यांच्या शिक्षणावर परत यावे, असा त्यांचा आग्रह. मग आला विषमतेचा तक्ता. लोकसंख्येच्या दर हजारी प्राथमिक शाळेत किती? पुढारलेल्या हिंदू जाती ११९, मुसलमान ९२, मधल्या जाती ३८, मागासलेले वर्ग १८. फुल्यांच्या निवेदनातला मुद्दा ४५ वर्षांनी आकड्यांसह पुन्हा सभागृहात उभा होता.

२०/
या भाषणानंतर आठ दिवसांनी, २० मार्च १९२७ रोजी, महाडचे चवदार तळे. इतिहासाच्या स्मरणात तळे राहिले आणि ते योग्यच आहे. पण अठराचा आकडा आणि ओंजळीतले पाणी हे एकाच आठवड्यातले, एकाच माणसाचे काम आहे. सार्वजनिक पैशाने उभ्या राहिलेल्या वस्तूवर कोणाचा हक्क, हा दोन्हीकडचा प्रश्न होता.

२१/
सोलापूरच्या नगरपालिकेचे नाव निघाले की सर्वांना ६ एप्रिल १९३० आठवतो: नगरपालिकेच्या इमारतीवर फडकलेला तिरंगा. मग मे महिन्यातला उठाव, मार्शल लॉ, आणि १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फासावर गेलेले मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन. शहराला या स्मृतीचा सार्थ अभिमान आहे. त्याच नगरपालिकेच्या दप्तरातल्या ४० रुपयांच्या अनुदानाला मात्र कुठे चौक नाही, कुठे फलक नाही.

२२/
स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेच्या ४५ व्या अनुच्छेदाने राज्याला दहा वर्षांची मुदत दिली: चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण. ती मुदत १९६० मध्ये संपली, म्हणजे महाराष्ट्र राज्य जन्माला आले त्याच वर्षी. मुदत टळल्याबद्दल कोणावर कारवाई होण्याचा प्रश्नच नव्हता; मार्गदर्शक तत्त्वे न्यायालयात बजावून घेता येत नाहीत. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने राष्ट्रीय उत्पन्नाचे सहा टक्के शिक्षणावर खर्च करावेत आणि परिसरातल्या सर्व थरांतील मुले एकाच शाळेत यावीत, अशी शिफारस केली. या आयोगाचे सदस्य-सचिव होते कोल्हापूरकडचे जे. पी. नाईक. सहा टक्क्यांची शिफारस आजही प्रत्येक धोरणात सन्मानाने पुनरुक्त होते.

२३/
सोलापूरपुढे आणखी एक प्रश्न होता, जो पुण्यामुंबईला तितका जाणवला नाही. इथल्या घराघरांत मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू-दखनी नांदते. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने ३५० क हा अनुच्छेद आणला: भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिकण्याची सोय राज्याने करावी. सोलापूरच्या पालिकेने मराठीसह या भाषांच्या शाळा चालवल्या, आणि पद्मशाली समाजासारख्यांनी स्वतःच्या शिक्षणसंस्थाही उभारल्या. सीमाप्रश्नाच्या गदारोळात भाषा म्हणजे नकाशावरची रेघ झाली. सहा वर्षांच्या मुलासाठी भाषा म्हणजे बाईंनी काय सांगितले ते कळणे किंवा न कळणे. आणि न कळणारे मूल मठ्ठ ठरते. मठ्ठ ठरलेले मूल तिसरीत गळते आणि नोंद होते, ‘अभ्यासात रस नाही’.

२४/
१९६० च्या दशकात जुनी मिल बंद पडली. १९९० च्या दशकात लक्ष्मी-विष्णूचे भोंगे थांबले, पुढे नरसिंग गिरजीही. गिरणी गेली तशी बापाची कायमची नोकरी गेली आणि घराचा भार आईच्या सुपावर आला. सूप हे सोलापुरात शब्दशः घ्यावे: तेंदूची पाने, तंबाखू, दोरा आणि मांडीवर सूप. विडी कामगार स्त्रिया हजारोंच्या संख्येने आहेत. २००६ मध्ये कुंभारीजवळ उभी राहिलेली गोदूताई परुळेकर वसाहत, दहा हजार घरांची, ही त्यांच्या संघटित लढ्याची खूण. विडीचा हिशेब हजारावर चालतो. हजार पुरे व्हायचे असतील तर पाने कापायला, तोंडे मुडपायला आणखी दोन हात लागतात. ते हात बहुधा थोरल्या मुलीचे असतात.

२५/
१९८६ चा बालकामगार कायदा इथे आठवावा. विडी वळणे हे त्याच्या परिशिष्टातले, मुलांना मनाई असलेले काम. पण तिसऱ्या कलमाला जोडलेला अपवाद वाचा: कुटुंबाच्या मदतीने घरी चालवलेल्या कामाला ही मनाई लागू नव्हती. १८८१ चा कायदा विणकराच्या उंबऱ्याशी थांबला होता. १९८६ चा विडीवालीच्या उंबऱ्याशी थांबला. कामातून सोडवलेल्या मुलांसाठी खास शाळा काढणाऱ्या राष्ट्रीय बालकामगार प्रकल्पात सोलापूर जिल्ह्याचा समावेश झाला, हे खरे. परंतु घरची दोन बोटे जोपर्यंत मजुरीचा भाग आहेत, तोपर्यंत मुलीची हजेरी विडीच्या दरावरच ठरणार.

२६/
१ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला. सहा ते चौदा वयाच्या मुलांना शिक्षण हा आता मूलभूत हक्क आहे. घटनेच्या मूळ मुदतीनंतर अर्धशतकाने का होईना, झाला. या कायद्याचे २७ वे कलम शिक्षकाला अन्य कामांना जुंपण्यास मनाई करते; अपवाद तीन, दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका. महाराष्ट्रातल्या कोणत्याही सरकारी शाळेतल्या गुरुजींना या तीन अपवादांची रुंदी विचारून पाहावी.

२७/
दुसरीकडे, २०१२ च्या कायद्याने स्वयंअर्थसहाय्यित खासगी शाळांसाठी वाट मोकळी झाली. ज्याला परवडते तो पालिकेची शाळा सोडून निघून गेला. इथे पालकांना दोष देणे सोपे आहे आणि निरर्थकही. मुलाचे आयुष्य कोणी प्रयोगासाठी राखून ठेवत नाही. पण जाणाऱ्याबरोबर त्याचा आवाजही जातो. गळके छप्पर, रिकामे पद, बंद स्वच्छतागृह यांबद्दल पालिकेत जाऊन टेबलावर हात आपटू शकणारा पालकच त्या शाळेत उरला नाही. मागे उरली ती ज्यांच्या आईला अर्ज लिहून घ्यायलाही दुसऱ्याची मदत लागते, अशी मुले. कोठारी आयोगाची परिसर-शाळा यालाच उत्तर म्हणून होती.

२८/
९ फेब्रुवारी २०२४ रोजी राज्य सरकारने नियम बदलला: सरकारी वा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल, तर तिथल्या खासगी विनाअनुदानित शाळेवर वंचित मुलांसाठी २५ टक्के जागा राखण्याचे बंधन नाही. नवी पेठेसारख्या दाट वस्तीत एक किलोमीटर म्हणजे काय, हे नकाशा न पाहताही सांगता येईल. १९ जुलै २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने हा बदल रद्द केला. या प्रकरणातली मेख अशी की, शेजारी सरकारी शाळा असणे हे गरीब मुलाला अन्य शाळेचे दार बंद करण्याचे कारण म्हणून वापरले गेले. सरकारी शाळा चांगली करणे हा पर्याय त्या नियमात कुठेच नव्हता.

२९/
याच जिल्ह्यातली एक गोष्ट जगभर गेली. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांना डिसेंबर २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले आणि दहा लाख डॉलरांतली अर्धी रक्कम त्यांनी उरलेल्या नऊ अंतिम स्पर्धकांत वाटली. पाठ्यपुस्तकांतल्या क्यूआर कोडची कथा सर्वांना पाठ आहे. तिच्या आधीची कथा कमी सांगितली जाते. ते २००९ मध्ये शाळेत आले तेव्हा इमारतीची दुर्दशा होती, आणि पुस्तके ज्या भाषेत होती ती काही मुलींच्या घरची भाषा नव्हती. त्यांनी कन्नड शिकून घेतली आणि मजकूर मुलींच्या भाषेत आणला. ३५० क अनुच्छेदाने १९५६ मध्ये राज्यावर टाकलेले काम एका गुरुजींनी स्वतःच्या रात्री खर्चून केले.

३०/
मार्च २०२४ मध्ये राज्यात संचमान्यतेचे नवे निकष आले. त्याआधीच वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा, आणि अशा शाळा राज्यात चौदा हजारांहून अधिक आहेत, एकत्र करून ‘समूह शाळा’ काढण्याची चर्चा सुरू झाली होती. पट मोजताना शाळेतली डोकी मोजली जातात. कन्नड किंवा तेलुगू माध्यमाच्या एखाद्या वर्गात सतरा मुले उरली, तर ती शेजारच्या शाळेत सामावून घेता येतील, असे शेरा मारणाऱ्याला वाटते. शेजारची शाळा कुठल्या भाषेत शिकवते, यासाठी त्या तक्त्यात रकाना नाही.